धक्का न देता लवचीकता मोजता येते का? एका गाजलेल्या निर्देशांकाची चिकित्सा

जागतिक अनिश्चितता, विकसनशील देश आणि लवचीक आर्थिक वाढ. हे तीन शब्दप्रयोग एकत्र आले की सिनॉप्सिसचं शीर्षक जवळजवळ तयार होतं. कोविड, युक्रेन युद्ध, महागलेलं डॉलरमधलं कर्ज या सगळ्यानंतर तर या विषयाला चांगलीच मागणी आहे. तुमच्यापैकी काही जण पीएच.डी. प्रवेशाच्या मुलाखतीत हाच विषय सांगणार असतील. जरूर सांगा, विषय मोलाचा आहे. पण ‘लवचीकता मोजणार कशी?’ असा पुढचा प्रश्न आला की बरेच जण एका तयार निर्देशांकाचं नाव घेतात आणि पुढे सरकतात. आज आपण तिथेच थांबणार आहोत.

हा निर्देशांक ज्या निबंधातून आला तो २००९ साली ‘ऑक्सफर्ड डेव्हलपमेंट स्टडीज’ या नियतकालिकात आला. शीर्षक ‘इकॉनॉमिक व्हल्नरेबिलिटी अँड रेझिलियन्स: कन्सेप्ट्स अँड मेझरमेंट्स’. लेखक चार: लिनो ब्रिगुग्लिओ, गॉर्डन कॉर्डिना, नादिया फरुजा आणि स्टेफनी वेला. या विषयावर लिटरेचर रिव्ह्यू करायला बसलात तर हा निबंध टाळता येणार नाही, आणि टाळूही नये. माझं म्हणणं एवढंच आहे की तो वाचावा, त्यातला प्रश्न घ्यावा, पण त्यातलं मोजमाप डोळे झाकून उचलू नये. का, ते आता सविस्तर बघू.

आधी शब्दाचं बघू

रेझिलियन्सला मराठीत आपण सर्रास ‘लवचीकता’ म्हणतो. अडचण अशी की अर्थशास्त्रात हा शब्द आधीच दुसऱ्या कामाला लागलेला आहे. ‘मागणीची लवचीकता’ आपण बारावीपासून शिकतो आणि तिचा अर्थ वेगळा आहे. शिवाय बोलीभाषेत आपल्याकडे यासाठी दोन वेगळ्या क्रिया आहेत: तग धरणं आणि सावरणं. दुष्काळात पीक तग धरतं. घरातला कर्ता माणूस गेल्यावर कुटुंब हळूहळू सावरतं. तग धरणारा मुळात फारसा पडतच नाही. सावरणारा पडतो आणि उठतो.

हा फरक केवळ भाषेचा नाही. परिसंस्थांचा अभ्यास करणारे सी. एस. होलिंग यांनी १९७३ च्या एका निबंधात जवळपास हाच मुद्दा मांडला. धक्क्यानंतर व्यवस्था मूळ जागी किती लवकर परतते हा एक प्रश्न. व्यवस्थेचं रूपच बदलून जाण्याआधी ती किती मोठा धक्का पचवू शकते हा दुसरा. पहिल्यात चांगली असलेली व्यवस्था दुसऱ्यात कच्ची असू शकते. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये तुम्ही यातलं नेमकं काय मोजणार आहात, हे पहिल्या पानावरच लिहा. निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

निबंध काय म्हणतो?

ब्रिगुग्लिओ माल्टाचे. छोट्या बेटांवरच्या देशांची अर्थव्यवस्था हा त्यांचा जुना विषय. अशा देशांची निर्यात एकदोन वस्तूंवर टिकलेली असते, इंधन आणि धान्य बाहेरून येतं, जागतिक बाजार हलला की घर हलतं. या उघडेपणाला ते भेद्यता म्हणतात. त्यांचा कोड्यात टाकणारा प्रश्न असा: सिंगापूर इतकं भेद्य असूनही इतकं श्रीमंत कसं? यालाच ते ‘सिंगापूर पॅराडॉक्स’ म्हणतात.

त्यांचं उत्तर दोन भागांत आहे. भेद्यता ही बहुतांशी जन्मजात असते. देशाचा आकार आणि भूगोल धोरणाने बदलत नाही. लवचीकता मात्र कमवावी लागते. ती धोरणातून येते. मग ते देशांची चार गटांत मांडणी करतात. भेद्य पण लवचीक देश म्हणजे स्वकष्टाने वर आलेले. भेद्यता कमी असूनही लवचीकता न कमावलेले देश म्हणजे बायबलच्या गोष्टीतल्या उधळ्या मुलासारखे. उरलेले दोन गट म्हणजे दोन्हीकडून सुखी आणि दोन्हीकडून गांजलेले.

लवचीकता मोजायला त्यांनी चार घटक घेतले. पहिला, स्थूल आर्थिक स्थैर्य: त्यात राजकोषीय तूट, बेरोजगारी आणि महागाईची बेरीज, आणि बाह्य कर्ज. दुसरा, बाजाराची कार्यक्षमता. तिसरा, सुशासन: न्यायालयं स्वतंत्र आहेत का, लष्कराचा हस्तक्षेप आहे का, वगैरे. चौथा, सामाजिक विकास, म्हणजे शिक्षण आणि आरोग्य. प्रत्येक घटक ० ते १ च्या पट्टीवर आणायचा आणि चौघांची साधी सरासरी काढायची. ऐंशीहून अधिक देशांसाठी हा आकडा काढून शेवटी दरडोई उत्पन्नाशी त्याचा संबंध तपासला आहे. निष्कर्ष: उत्पन्नातला फरक भेद्यतेपेक्षा लवचीकतेने जास्त स्पष्ट होतो.

निबंधाचं श्रेय आधी देऊ या. ‘आम्ही लहान, आमचं काय चालणार’ ही सबब त्याने धोरणकर्त्यांच्या हातून काढून घेतली. भेद्यता आणि लवचीकता या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, नाहीतर आधी सगळं एकाच पोत्यात भरलं जायचं. आणि शिक्षण-आरोग्य हे आर्थिक धक्के पचवण्याचं साधन आहे हे मोजमापात आणलं. हे काम छोटं नाही.

पहिला आक्षेप: प्रयोगात धक्काच नाही

तारेचा यंग गुणांक काढण्याचं प्रॅक्टिकल आठवा. तारेला वजन लावत जायचं, लांबी नोंदवायची. मग वजन उतरवत परत वाचनं घ्यायची. वजनच लावलं नाही तर तारेबद्दल काय कळणार? तिची जाडी कळेल, धातू कळेल, दुकानदाराने दिलेलं प्रमाणपत्र वाचता येईल. तार ताणली जाते कशी हे कळणार नाही.

निबंधातली व्याख्या तारेसारखीच आहे: धक्का सोसण्याची किंवा त्यातून बाहेर येण्याची, धोरणाने कमावलेली क्षमता. म्हणजे व्याख्येत धक्का आहे, काळ आहे. मोजमापात मात्र दोन्ही नाहीत. कोणता धक्का, कोणत्या साली, उत्पादन किती घसरलं, किती तिमाहींनी परत आलं, यातलं काहीही त्या चार घटकांत येत नाही. जे मोजलंय ते लवचीकतेची संभाव्य कारणं. कारणं मोजून त्यांनाच परिणामाचं नाव दिलं, की ‘ही कारणं खरंच काम करतात का?’ हा प्रश्न विचारायला जागाच उरत नाही.

पडताळणीतही हीच गोची आहे. निर्देशांक ताडून पाहिला तो दरडोई उत्पन्नाशी. पण श्रीमंत देशात शाळा बऱ्या असतात, दवाखाने बरे असतात, न्यायालयं नीट चालतात. त्यातलं बरंचसं श्रीमंतीमुळेही असतं. मग लवचीकतेमुळे उत्पन्न की उत्पन्नामुळे लवचीकता? आणि मुळात उत्पन्नाची पातळी हे सावरण्याचं माप कसं काय? उंच माणूस पडल्यावर लवकर उठतो असं थोडंच आहे!

दुसऱ्या घटकाकडे विशेष लक्ष द्या. बाजाराच्या कार्यक्षमतेसाठी घेतलेली आकडेवारी फ्रेझर इन्स्टिट्यूटच्या आर्थिक स्वातंत्र्याच्या निर्देशांकातली आहे. कर्ज, श्रम आणि व्यवसाय यांच्यावर नियंत्रण कमी तर गुण जास्त. निबंध २००९ चा. त्याच्या आदल्या ऑक्टोबरमध्ये आइसलँडच्या तिन्ही मोठ्या बँका एकाच आठवड्यात कोसळल्या होत्या. सैल सोडलेलं कर्जाचं क्षेत्र धक्का पचवतं की धक्का तयार करतं, हा वाद तेव्हा जगभर पेटला होता. निर्देशांकाने त्याचं उत्तर आधीच गृहीत धरलेलं आहे. उलट टोकालाही जाऊ नका. २००८ मध्ये भारताच्या बँका तुलनेने वाचल्या, त्यात सरकारी मालकी आणि रिझर्व्ह बँकेची सावध भूमिका यांचा वाटा होता असं मानलं जातं. पण त्याच बँकांची थकीत कर्जं मार्च २०१८ पर्यंत ११ टक्क्यांच्या पुढे गेली. एका धक्क्यात ढाल ठरलेली गोष्ट दहा वर्षांनी ओझं ठरू शकते. एका वर्षाच्या छायाचित्रात हे दिसत नाही.

दुसरा आक्षेप: सरासरीची लबाडी

चार घटकांची सरासरी काढतो तेव्हा आपण नकळत एक मोठं विधान करत असतो: एका घटकातली कमतरता दुसऱ्यातल्या सुबत्तेने भरून निघते. हे खरं आहे का? शेतीशास्त्रवाले लगेच लीबिगचा नियम सांगतील. पिकाची वाढ ठरते ती सर्वांत कमी पडणाऱ्या अन्नद्रव्यावर. नत्र नसेल तर पालाश कितीही ओता, फरक पडत नाही.

देशाच्या बाबतीत हे तपासायला श्रीलंका बघू. शिक्षण आणि आरोग्यात हा देश दक्षिण आशियात कायम पुढे राहिला. मानव विकास निर्देशांकात तो ‘उच्च’ गटात बसतो. या निर्देशांकाच्या चौथ्या घटकात त्याला उत्तम गुण मिळणार. आता घटनाक्रम बघा.

एप्रिल २०१९ मध्ये ईस्टरच्या दिवशी बॉम्बस्फोट झाले आणि पर्यटनाला फटका बसला. त्याच वर्षाच्या शेवटी नव्या सरकारने मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून थेट ८ टक्क्यांवर आणला, त्यामुळे सरकारचा महसूल आटला. मग कोविड आला. २०१८ साली २३ लाखांवर परदेशी पर्यटक आले होते. २०२१ मध्ये दोन लाखही आले नाहीत. मे २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी घातली गेली, आणि भात-चहाचं नुकसान झाल्यावर नोव्हेंबरपर्यंत ती मागे घ्यावी लागली. २०१९ च्या अखेरीस परकीय चलनाचा साठा सुमारे ७.६ अब्ज डॉलर होता. तो वितळत असतानाच १८ जानेवारी २०२२ ला सरकारने ५० कोटी डॉलरचे रोखे वेळेवर फेडले. तीनच महिन्यांत, १२ एप्रिलला, बाह्य कर्जाची परतफेड थांबवत असल्याचं जाहीर केलं. मे महिन्यात वापरता येण्याजोगा साठा पाच कोटी डॉलरही उरला नसल्याचं सरकारच सांगत होतं. पेट्रोल आणि गॅससाठी रांगा लागल्या, औषधं मिळेनात, सप्टेंबरमध्ये महागाईचा दर ७० टक्क्यांजवळ गेला. २०२२ मध्ये अर्थव्यवस्था सात टक्क्यांहून जास्त आकसली.

आता प्रश्न विचारा. त्या देशातल्या चांगल्या शाळा आणि दवाखाने डॉलर छापू शकत होते का? नाही. त्या क्षणी अडलं होतं एकाच ठिकाणी, इंधनाच्या जहाजाचे पैसे द्यायला लागणाऱ्या परकीय चलनापाशी. निर्देशांकात बाह्य कर्ज आहे, हे मान्य. पण ते कोणाचं आहे, कोणत्या महिन्यात फेडायचंय, आणि फेडायला हातात काय आहे, हे त्यात नाही. संकट येतं ते या तपशिलातून. आणखी एक गंमत बघा: २०२१ या वर्षाचा वाढीचा दर धन होता. ज्या वर्षी तिजोरी रिकामी होत होती, त्याच वर्षी आकडेवारीत देश कोविडमधून ‘सावरत’ होता.

याचा अर्थ शिक्षण-आरोग्य निरुपयोगी ठरलं असा काढू नका. ते दुसऱ्या प्रकारच्या धक्क्यात, दुसऱ्या कालावधीत कामाला येतं. स्टीफन कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी २००१ साली परिसंस्थांच्या संदर्भात हाच प्रश्न शीर्षकात घातला होता: लवचीकता कशाची आणि कशासमोर? ‘श्रीलंका लवचीक आहे का?’ हा प्रश्न अर्धवट आहे. ‘इंधन आयात अचानक महागली तर श्रीलंकेची परकीय चलनाची बाजू किती महिने टिकेल?’ हा संशोधनाचा प्रश्न आहे.

तिसरा आक्षेप: कोण सावरलं?

‘कशाची’ आणि ‘कशासमोर’ यांच्या जोडीला तिसरा प्रश्न लागतो: कोणाची? निर्देशांकात देश हा एकच ठिपका आहे. पण धक्का ठिपक्याला बसत नाही, माणसांना बसतो, आणि सगळ्यांना सारखा बसत नाही. इथे आपल्याच देशाचं उदाहरण घेऊ, कारण आकडे तुम्ही स्वतः उघडून बघू शकता.

एप्रिल-जून २०२० च्या तिमाहीत भारताचं सकल देशांतर्गत उत्पादन पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घसरलं. पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत २०.१ टक्के वाढ झाली. बातम्यांत विक्रमी वाढ, व्ही-आकाराची उसळी वगैरे आलं. आता कागदावर मांडा. १०० वरून २३.९ गेले, उरले ७६.१. त्यावर २०.१ टक्के वाढ म्हणजे सुमारे ९१. विक्रमी वाढ झाली तरी दोन वर्षांपूर्वीच्या पातळीला आपण पोहोचलेलो नव्हतो. घसरणीचा आणि वाढीचा पाया वेगळा असतो, हे नेट-सेटच्या परीक्षेत सगळे बरोबर लिहितात. पेपर वाचताना मात्र विसरतात.

पुढे एकूण उत्पादन परत आलं आणि जुन्या पातळीच्या वरही गेलं. मग माणसं? नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार २०१८-१९ मध्ये एकूण रोजगारात शेतीचा वाटा ४२.५ टक्के होता. २०१९-२० मध्ये तो ४५.६ झाला. शहरातलं काम सुटल्यावर माणसं गावी गेली, हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिलं. पण २०२३-२४ मध्येही हा वाटा ४६.१ टक्के होता. त्यातली बरीच वाढ स्त्रियांच्या स्वयंरोजगारातली आहे, आणि त्यात घरच्या शेतात बिनपगारी राबणंही मोजलं जातं. प्रॅक्टिकलच्या भाषेत, वजन उतरवलं तरी तार जुन्या लांबीवर आली नाही. उत्पादनाचा आलेख मागे वळला, रोजगाराचा वळला नाही. यातला एकच आलेख दाखवून ‘देश सावरला’ म्हणणं म्हणजे दोन वाचनांपैकी सोयीचं तेवढं वहीत लिहिणं.

उलट उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. १९७२ चा दुष्काळ. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, मिलो ज्वारी आणि खडी फोडायची कामं त्यांना आठवत असतील. धान्याचं उत्पादन प्रचंड घटलं. उत्पादनाच्या आलेखावर त्या वर्षीचा महाराष्ट्र सपशेल नापास. पण मे १९७३ च्या सुमाराला जवळपास ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते, हातात मजुरी पडत होती, आणि एवढ्या मोठ्या दुष्काळात जे मृत्यूचं थैमान व्हायला हवं होतं ते टळलं. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी दुष्काळ निवारणाच्या अभ्यासात याची दखल घेतली आहे. हाल झाले नाहीत असं कोणी म्हणणार नाही. जनावरं गेली, किडूकमिडूक विकावं लागलं. तरीही उत्पादन कोसळलं आणि माणसं तगली, असं घडलं.

त्यातून उरलं काय, तेही महत्त्वाचं आहे. वि. स. पागे यांनी साठच्या दशकात तासगाव भागात मांडून पाहिलेली कल्पना दुष्काळानंतर कायद्यापर्यंत गेली. रोजगार हमी कायदा १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्याच्या पैशासाठी १९७५ पासून शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर होता. तुमच्या गाईडच्या पगारपत्रकात तो आजही कापलेला दिसेल. म्हणजे धक्का येण्याआधी पैसा बाजूला काढण्याची आणि धक्का आल्यावर मागेल त्याला काम देण्याची सोय. पुढे याच विचारातून देशपातळीवरचा २००५ चा कायदा आला, आणि २०२०-२१ च्या कोविड वर्षात त्यातून सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवसांचं काम निघालं. ही धोरणाने कमावलेली लवचीकताच आहे, अगदी ब्रिगुग्लिओंच्या व्याख्येतली. पण त्यांच्या चार घटकांत तिला थेट जागा नाही. उलट तिच्यावर खर्च वाढून तूट वाढली तर पहिल्या घटकात गुण कापले जातील! ज्या वर्षी ढाल वापरली, त्याच वर्षी ढाल नसल्याची नोंद. माझ्या मते हा या मोजमापातला सर्वांत गंभीर दोष आहे.

मग तुम्ही काय करायचं?

निबंध टाकून देऊ नका. भेद्यता आणि लवचीकता वेगळी ठेवण्याची त्यांची मांडणी घ्या. फक्त मोजण्याची दिशा उलटी करा. आधी एक ठरावीक धक्का निवडा, ज्याची तारीख सांगता येते. मग घसरण किती खोल होती, परत यायला किती काळ लागला आणि कायमचं किती गेलं, हे तीन आकडे काढा. हे आकडे एकूण उत्पादनाचे वेगळे, रोजगाराचे वेगळे, मजुरीचे वेगळे काढा. त्यानंतरच तूट, शिक्षण, रोजगार हमी ही कारणं म्हणून तपासा. कारण आणि परिणाम दोन वेगळ्या रकान्यांत राहिले पाहिजेत.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी सराव करायचा असेल तर जवळचं उदाहरण घ्या. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि ४ मे २०२४ ला ती उठवली. श्रीलंकेच्या खतबंदीसारखाच हाही सरकारी आदेशाने आलेला धक्का, आणि दोन्ही टोकांच्या तारखा पक्क्या. बाजार समित्यांचे रोजचे भाव ‘अॅगमार्कनेट’वर उपलब्ध असतात. लासलगावचे भाव घ्या, बंदीआधीचे दोन महिने, बंदीतले पाच आणि नंतरचे सहा. आलेख काढा. भाव कधी परतले ते बघा. मग स्वतःला विचारा: ज्याने जानेवारीतच पडेल भावाला कांदा विकला, त्याच्यासाठी जूनमधला भाव म्हणजे सावरणं आहे का? त्या शेतकऱ्यासाठी वेगळा रकाना लागेल. तो कुठून भरायचा, याचं उत्तर शोधायला लागलात की तुमचा विषय तुम्हाला सापडायला लागला आहे असं समजा.